नोएल बर्नार्ड आणि ऑर्किडचें बीज

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंड, फ्रान्स, बेल्जम वगैरे देशांतील श्रीमंत लोकांना ऑर्किडच्या फुलांचें विलक्षण वेड लागलें होतें. ब्राझिलच्या अरण्यांतील कॅटलिया, कोलंबियाच्या डोंगरांवरील ओडोंटोग्लॉसम, जावा व फिलिपाईन बेटांतील फॅलिनॉप्सिस, अशा उष्ण प्रदेशांतील वनस्पती जहाजें भरभरून युरोपांत येत, लिलावांत विकल्या जात आणि कांचेच्या उबदार घरांत तळहाताच्या फोडाप्रमाणें जपल्या जात. ह्या हौसेपायीं दूरच्या अरण्यांचे काय हाल होत असत, त्याची कल्पना एका आंकड्यावरून येईल. आल्बर्ट मिलिकन नांवाच्या इंग्रज संग्राहकानें १८९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत लिहून ठेवलें आहे कीं, कोलंबियांत सुमारें दोन महिन्यांत १०,००० ऑर्किडें गोळा करतांना त्याच्या माणसांनीं सुमारें ४,००० झाडें तोडून पाडलीं. ऑर्किडें उंच फांद्यांवर वाढतात आणि फांदीवर चढण्यापेक्षां झाडच पाडणें सोपें पडतें, हें त्याचें कारण.

येथें कोणीहि विचारील कीं, अरण्यें उजाड करण्याऐवजीं हे लोक बीज पेरून रोपें कां तयार करीत नव्हते? बीजाची तर कांहींच वाण नव्हती. ब्राझिलमध्यें राहणाऱ्या फ्रिट्झ म्युलर ह्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञानें मॅक्सिलारिया जातीच्या ऑर्किडच्या एकाच बोंडांतील बीजांचा हिशेब केला, तो १७,५६,४४० भरला. चार्लस डार्विन यांनीं ऑर्किडांवरील आपल्या ग्रंथाच्या १८७७ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत हा आंकडा दिला आहे. एका बोंडांत सतरा लक्षांहून अधिक बीजें, आणि त्यांतून एक रोप हातीं येईल याची शाश्वति नाहीं!

हरभऱ्याचे दाणे ओल्या फडक्यांत बांधून ठेवले तर दोन दिवसांत त्यांना मोड येतात. दाण्याच्या दोन डाळिंब्यांत अंकुराला पुरेल इतकी शिदोरी आधींच बांधून दिलेली असते, ती खाऊन अंकुर वाढतो आणि पानें फुटेपर्यंत त्याला कोणाकडे हात पसरावा लागत नाहीं. ऑर्किडच्या बीजाची स्थिति याच्या अगदीं उलट. तें तपकिरीहूनहि बारीक असतें. पातळ जाळीदार सालीच्या आंत थोड्याशा पेशींचा एक सूक्ष्म पुंजका, एवढेंच त्याचें स्वरूप. त्याला ना मूळ, ना पान, ना डाळ. हलकेपणामुळें तें वाऱ्यावर दूरदूर जाऊं शकतें, परंतु जेथें जाऊन पडेल तेथें त्याच्या गांठीं खायला कांहीं नसतें.

माळी लोकांना अनुभवानें एक युक्ति सांपडली होती. ऑर्किडचें बीज नव्या कुंडींत न पेरतां आईच्याच कुंडींत, तिच्या मुळांपाशीं, टाकावयाचें. असें केल्यास कधीं कधीं थोडीं रोपें उगवत. एक्झिटर येथील वीच ह्या प्रसिद्ध रोपवाटिकेंत जॉन डॉमिनी नांवाच्या माळ्यानें दोन जातींचा संकर करून तयार केलेलें पहिलें ऑर्किड १८५६ सालीं फुललें. परंतु एका घरीं उगवलेलें बीज दुसऱ्या घरीं कां कुजतें, गेल्या वर्षीं साधलें तें यंदा कां साधत नाहीं, हें कोणालाच सांगतां येत नसे. लोक त्याला हातगुण म्हणत आणि ज्याला तो असे तो आपली रीत दुसऱ्यास सांगत नसे.

शास्त्रज्ञांच्या बाजूलाहि अर्धीमुर्धी माहिती होती. ऑर्किडच्या मुळांच्या पेशींत बुरशीच्या तंतूंचीं वेटोळीं असतात, हें सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं अनेकांनीं पाहिलें होतें. १८८५ सालीं जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनीं मूळ आणि बुरशी यांच्या अशा संयोगास मायकोरायझा असें नांवहि दिलें. पण ही बुरशी तेथें पाहुणी म्हणून राहते, चोर म्हणून शिरते कीं चाकरी करते, याविषयीं मतभेद होते. आणि माळ्याचें न उगवणारें बीज व शास्त्रज्ञाची ही बुरशी यांचा कांहीं संबंध असेल, अशी शंकाहि कोणाला आली नव्हती. तो संबंध ज्यानें जोडला त्या नोएल बर्नार्डचें चरित्र येथें सांगावयाचें आहे.

बर्नार्डचा जन्म १३ मार्च १८७४ रोजीं पॅरिस शहरांत झाला. त्याचें उच्च शिक्षण पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअर ह्या सुविख्यात विद्यालयांत झालें. फ्रान्समधील विद्यालयांना व विद्यापीठांना अध्यापक पुरविणारी ही संस्था. लुई पाश्चर यांची प्रयोगशाळा बरींच वर्षें ह्याच विद्यालयांत होती आणि ते १८९५ सालीं वारले. तेव्हां सूक्ष्म जंतु, रोग आणि रोगाचा प्रतिकार हे विषय तेथील विद्यार्थ्यांच्या रोजच्या बोलण्यांतले असत. वनस्पतिशास्त्राचे अध्यापक ज्यूलिअँ कोस्तांतँ हे बुरशीच्या जातींचे मोठे जाणकार होते. ह्या दोन गोष्टींचा ठसा आपल्या चरित्रनायकाच्या पुढील सर्व कार्यावर उमटलेला दिसेल.

१८९९ सालीं बर्नार्ड लष्करांत होता. फ्रान्समध्यें तेव्हां प्रत्येक तरुणास कांहीं काळ सक्तीची लष्करी नोकरी करावी लागे. त्याची नेमणूक पॅरिसच्या आग्नेयेस असलेल्या मलँ ह्या गांवीं झाली होती आणि तेथून फाँतेनब्लोचें मोठें अरण्य जवळच होतें. ओक आणि बीच ह्या वृक्षांचें हें अरण्य फार जुनें. मे महिन्यांत ह्या अरण्यांत हिंडत असतां एके ठिकाणीं पानांच्या ढिगाऱ्याखालीं दडलेली एक वस्तु त्याच्या दृष्टीस पडली.

ती होती निओशिया नांवाच्या ऑर्किडची जुनी, फळें धरलेली कांडी. हें ऑर्किड मोठें चमत्कारिक आहे. त्याला हिरवें पान मुळींच नसतें. सबंध झाड मधासारख्या तपकिरी रंगाचें, आणि मुळें एकमेकांत अशीं गुंतलेलीं कीं युरोपांतील लोक त्याला पक्ष्याच्या घरट्याचें ऑर्किड म्हणतात. एऱ्हवीं ह्याचीं बोंडें उभीं वाळतात, फुटतात आणि बीज वाऱ्यावर उडून जातें. ही कांडी मात्र जमिनीलगत पडून कुजक्या पानांखालीं गाडली गेली होती. तिच्या बोंडांतलें बीज बाहेर उडालें नव्हतें, तें जागच्या जागींच रुजलें होतें. आजवर शास्त्रज्ञांनीं ज्यांच्यासाठीं जिवाचें रान केलें तीं ऑर्किडचीं बाल्यावस्थेंतलीं रोपें येथें एका बोंडांत दाटीवाटीनें बसलेलीं होतीं. बर्नार्डनें तीं आणून यंत्राखालीं तपासलीं. प्रत्येक रोपाच्या आंत बुरशीचे तंतु होते. एकहि त्याला अपवाद नव्हतें.

त्याच महिन्यांत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें त्याचें लहानसें टिपण सादर झालें. त्या वेळीं त्याचें वय पंचवीस वर्षांचें होतें. ऑर्किडच्या बीजास रुजण्यासाठीं बुरशीचा शिरकाव अवश्य आहे, असा त्यानें निष्कर्ष काढला. एका कांडीवरून एवढा मोठा सिद्धान्त मांडणें हें धाडस होतें यांत शंका नाहीं. फाँतेनब्लोच्या अरण्यांत वनस्पतिशास्त्रज्ञांचीं पावलें पूर्वी कांहीं कमी पडलीं नव्हतीं. कुजकीं पानें बाजूस सारून खालीं पाहणारा आणि पाहिल्यावर माळ्याच्या हातगुणाची आठवण होणारा माणूस तेवढा आला नव्हता.

आज ह्या गोष्टीचा आणखी एक पदर उलगडला आहे. निओशियाला हिरवें पान नाहीं, म्हणजे सूर्यप्रकाशांत अन्न तयार करण्याचें साधन नाहीं. मग ती बुरशी तरी तिला खाऊं घालण्यास अन्न आणते कोठून? अलीकडच्या संशोधनानें असें ठरलें आहे कीं, हीच बुरशी आसपासच्या मोठ्या वृक्षांच्या मुळांशीं जोडलेली असते. वृक्षानें उंच पानांत तयार केलेली साखर मुळांवाटे बुरशींत व बुरशीवाटे ह्या तपकिरी ऑर्किडांत येते. बर्नार्ड त्या दिवशीं ज्यांच्या सावलींत गुडघे टेकून बसला होता ते वृक्षच त्या कोड्यांतले तिसरे भागीदार होते. त्याला हें ठाऊक असणें त्या काळीं शक्य नव्हतें.

बर्नार्डची बुद्धि एका शोधावर थांबणारी नव्हती, आणि येथेंच ती थोडी वाट चुकली. ऑर्किडच्या बीजांत बुरशी शिरली म्हणजे त्याला लगेच मूळ वा पान फुटत नाहीं. आधीं त्याचा एक गांठीसारखा गोळा होतो आणि त्या गोळ्यावर मग कोंब येतो. यावरून त्यानें असें अनुमान केलें कीं, वनस्पतींच्या सर्वच गांठी व कंद बुरशीच्या बाधेमुळें होत असावेत, बटाटासुद्धां! १९०१ सालीं डॉक्टरच्या पदवीसाठीं त्यानें लिहिलेला प्रबंध ह्याच विषयावर आहे. हें अनुमान पुढें टिकलें नाहीं. बुरशीचा लवलेशहि नसलेल्या कांचेच्या नळींतहि बटाट्याच्या रोपाला बटाटे धरतात. दिवसाची लांबी आणि रोपाच्या आंतील रसायनें हीं त्याचीं खरीं कारणें. थोर माणसांच्या चरित्रांतून असलीं पानें गाळण्याची रीत आहे, पण ती आम्हांस पसंत नाहीं. ज्या धिटाईनें बर्नार्डला बटाट्याच्या बाबतींत चकविलें तिच्याच बळावर त्यानें ऑर्किडचें कोडें सोडविलें होतें.

पदवीनंतर कां येथील विद्यापीठांत त्यास अध्यापकाची जागा मिळाली. नॉर्मंडी प्रांतांतलें हें शहर. फाँतेनब्लोला जें निसर्गानें केलें तें आतां प्रयोगशाळेंत आपल्या हातानें करून दाखविणें प्राप्त होतें. त्यासाठीं तीन गोष्टी हव्या होत्या: बुरशी अजिबात नसलेलें बीज, दुसरा कोणताहि जंतु नसलेली शुद्ध बुरशी, आणि दोघांना एकत्र आणावयाचें स्वच्छ पात्र. पाश्चरच्या परंपरेंत वाढलेल्या माणसास ही कला नवीन नव्हती. न फुटलेल्या बोंडाच्या आंत बीज निर्जंतुक असतें, तें त्यानें तसेंच अलगद बाहेर काढलें. मोठ्या ऑर्किडच्या मुळांतील बुरशी वेगळी काढून नळ्यांत वाढविली. कापसाचें बूच मारलेल्या कांचेच्या नळींत दोघांना एकत्र ठेवलें.

नळींत बीजासाठीं आधार म्हणून त्यानें जो पदार्थ वापरला तो आपल्या वाचकांच्या ओळखीचा निघेल. आपल्याकडे अशक्त माणसास दुधांतून जी सालममिश्री देतात ती म्हणजे ऑर्किडचेच वाळविलेले कंद. युरोपांत त्यालाच सालेप म्हणतात. ह्या सालेपचा पातळ काढा करून त्यानें बर्नार्डनें ऑर्किडचीं बाळें वाढविलीं. पोषणाची ही योजना मोठी समर्पक म्हणावी लागेल.

प्रयोगाचा निकाल त्यानें १९०३ सालीं जाहीर केला. ज्या नळ्यांत बुरशी घातली नव्हती त्यांतील कॅटलिया व लेलिया यांच्या संकराचीं बीजें थोडीं फुगलीं, हिरवट झालीं आणि महिनेच्या महिने तशींच पडून राहिलीं. मेलीं नाहींत आणि वाढलींहि नाहींत. ज्या नळ्यांत बुरशी होती त्यांत तिचे तंतु बीजाच्या एका विशिष्ट टोंकाकडून आंत शिरले, खालच्या पेशींत त्यांचीं वेटोळीं झालीं, आणि बीजाचा गोळा होऊन त्याला कोंब फुटला. माळ्यांचा हातगुण म्हणजे काय होता हें आतां स्पष्ट झालें. आईच्या कुंडींत आईची बुरशी नांदत असे, आणि बीज तिच्या पुढ्यांत पडे. नव्या स्वच्छ कुंडींत ती नसे. माळी जितका टापटिपीचा, तितकें त्याचें नुकसान अधिक!

अरण्यांत काय चालत असेल याचाहि उलगडा झाला. उष्ण प्रदेशांतील दमट अरण्यांत झाडांच्या सालींवर, शेवाळांत व फांद्यांच्या बेचक्यांत सांचलेल्या कुजक्या पाल्यांत ह्या बुरशा राहतात आणि मेलेलें लांकूड व पानें कुजवून त्यांतून साखर मिळवितात. उडत आलेलें बीज योग्य बुरशीच्या तंतूंवर पडलें तर तें तरलें. बाकीचीं लाखों बीजें वाया जातात. एका बोंडांत सतरा लक्ष बीजें कां लागतात, याचें उत्तर ह्यांत आहे.

योग्य बुरशी असें वर म्हटलें, त्यांतहि बर्नार्डचेंच संशोधन आहे. पुढच्या तीन चार वर्षांत त्यानें निरनिराळ्या ऑर्किडांच्या मुळांतून बुरशा काढून त्या एकमेकांच्या बीजांवर घालून पाहिल्या. कॅटलिया व तिच्यासारख्या बऱ्याच जातींस एक बुरशी मानवते, फॅलिनॉप्सिस व व्हँडा यांस दुसरी, ओडोंटोग्लॉसमला तिसरी, असें त्यास आढळलें. आज शास्त्रज्ञ ऑर्किडांच्या अशा बुरशा बहुतांशीं तुलास्नेला, सेराटोबेसिडियम व सेबासिना ह्या गटांत घालतात. नांवें बदललीं, पण ऑर्किडांच्या बुरशा एकसारख्या नसून त्यांच्यांत आवडनिवड असते हा मुख्य मुद्दा कायम आहे.

यांतील व्हँडा हें नांव संस्कृतांतून गेलेलें आहे आणि त्या कुळांतील ऑर्किडें आपल्या सह्याद्रींतहि झाडांवर वाढतात. आपल्याकडे पुष्कळ लोक त्यांना बांडगूळ समजून उपटून टाकतात. हा त्यांच्यावर अन्याय आहे. बांडगुळाचीं मुळें झाडाच्या आंत घुसून त्याचा रस ओढतात. ऑर्किड फांदीवर नुसतें बसतें, पावसाचें व दंवाचें पाणी पितें आणि हिरव्या पानांनीं आपलें अन्न आपण करतें. आंब्याचें तें कांहीं खात नाहीं. बाळपणीं मात्र तें दुसऱ्याच्या जिवावर जगतें, आणि तो दुसरा आंबा नसून डोळ्यांस न दिसणारी बुरशी असते.

येथवरची हकीकत ऐकून वाचक म्हणतील कीं, बीज आणि बुरशी यांची ही केवढी मैत्री! बर्नार्डचें मोठेपण असें कीं तो ह्या गोड कल्पनेवर संतुष्ट राहिला नाहीं. नळ्यांत आपल्या डोळ्यांसमोर काय घडतें तें त्यानें नीट पाहिलें. कांहीं बुरशा बीजांत शिरत आणि सबंध बीज खाऊन फस्त करीत. कांहीं वेळां उलट होई; बीजाच्या पेशी शिरलेल्या तंतूंना पूर्णपणें पचवून टाकीत आणि मग भागीदार गमावलेलें तें बीज तसेंच खुंटून राही. रोप वाढे तें ह्या दोन टोंकांच्या मधल्या अरुंद वाटेनें. बाहेरच्या पेशींत बुरशी जिवंत राहते, आंतल्या पेशींत तिचीं वेटोळीं विरघळून जातात, पुन्हां नवे तंतु येतात, पुन्हां पचविले जातात. मेचनिकॉफ यांनीं प्राण्यांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून पचवितात असें दाखविलें होतें. तशीच ही क्रिया आहे, असें बर्नार्डनें प्रतिपादन केलें. बुरशी नळींत दीर्घकाळ एकटी वाढविली तर तिचें बीज रुजविण्याचें सामर्थ्य कमी होत जातें, हेंहि त्यास दिसलें, आणि पाश्चरच्या प्रयोगांत दुबळे झालेले रोगजंतु त्याला आठवले. सारांश, ऑर्किडच्या पोटांत बुरशी असणें हा त्याच्या मतें एक कायमचा, आटोक्यांत ठेवलेला रोग होता. हा रोग झाला नाहीं तर ऑर्किड जन्मास येत नाहीं आणि बळावला तर जगत नाहीं.

हा विचार तेव्हां अनेकांस विचित्र वाटला असेल. सहजीवन म्हणजे दोघांचा तंटा मिटवून केलेला संसार, अशी कल्पना रूढ होती. ऑर्किड बुरशीला मोबदला म्हणून कांहीं देतें कीं नाहीं, हा प्रश्न तर पुढें शंभर वर्षें अनिर्णित राहिला. गुडयेरा नांवाच्या एका हिरव्या ऑर्किडवर इंग्लंडमधील संशोधकांनीं केलेल्या प्रयोगाचा निकाल २००६ सालीं प्रसिद्ध झाला. खूण केलेल्या कर्बाचा माग काढून त्यांनीं दाखविलें कीं, मोठेपणीं हें ऑर्किड आपल्या पानांत केलेल्या अन्नाचा कांहीं भाग बुरशीस देतें. म्हणजे लहानपणचें ऋण निदान कांहीं ऑर्किडें तरी फेडतात. निओशियासारखीं पानहीन ऑर्किडें तें आमरण फेडीत नाहींत असें दिसतें.

आणखी एक गोष्ट बर्नार्डनें केली आणि ती त्याच्याच सिद्धान्ताच्या मुळावर येण्यासारखी होती. बुरशी बीजाला देते तरी काय? तिच्यामुळें पेशींतील रस अधिक दाट, अधिक साखरेचा होतो, असा त्याचा तर्क होता. तो पडताळण्यासाठीं त्यानें बुरशी न घालतां सालेप व साखर यांचें प्रमाण वाढवून बीजें पेरलीं. कांहीं बीजें रुजलीं! दुसरा कोणी असता तर आपल्या शोधास बाध आणणारा हा निकाल त्यानें बाजूस ठेवला असता. ह्यानें तो छापला. त्याचें पूर्ण फळ मात्र दुसऱ्याच्या हातीं आलें. अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांतील ल्युइस नड्सन यांनीं १९२२ सालीं साखर व क्षार घातलेल्या आगरच्या लगद्यावर बुरशीवांचून ऑर्किडें वाढविण्याची खात्रीची रीत प्रसिद्ध केली. आज बाजारांत कुंड्याकुंड्यांतून जीं फॅलिनॉप्सिसचीं फुलें दिसतात त्यांच्या धंद्याचा पाया ह्या रीतीनें घातला. अरण्यांत मात्र साखरेचा लगदा कोणी पसरून ठेवीत नाहीं. तेथें आजहि बुरशीवांचून गत्यंतर नाहीं, आणि म्हणूनच दुर्मिळ झालेल्या जातींचीं रोपें पुन्हां रानांत लावावयाचीं असतात तेव्हां संशोधक पुष्कळदां बर्नार्डच्या जुन्या रीतीकडेच वळतात.

१९०८ सालीं बर्नार्ड पॉइतिए येथील विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झाला. वय चौतीस. त्याचें लग्न झालेलें होतें आणि त्याच वर्षीं त्याला मुलगा झाला. १९०९ सालीं ऑर्किडें व त्यांच्या सहवासी बुरशा यांवरील त्याचा विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला. दहा वर्षांच्या श्रमाचें सार त्यांत आलें आहे. त्याच साली जर्मनींत हान्स बुर्गेफ ह्या तरुण शास्त्रज्ञानें ऑर्किडांच्या मुळांतील बुरशांवर स्वतंत्रपणें पुस्तक लिहिलें आणि मुख्य गोष्टींत तो बर्नार्डशीं मिळताजुळता निघाला. शहराजवळच वनस्पतींवर प्रयोग करण्यासाठीं एक केंद्र उभारण्याच्या कामांतहि बर्नार्ड गुंतला होता.

पण त्याच्या शरीरांत क्षयानें घर केलें होतें. कोख यांनीं १८८२ सालीं क्षयाचा जंतु शोधून काढला होता खरा, पण त्यावर चालणारें औषध यावयास अजून तीस-पस्तीस वर्षें अवकाश होता. विश्रांति, मोकळी हवा आणि पौष्टिक अन्न यांपलीकडे वैद्यांजवळ उपाय नव्हता. ज्यानें जंतूचा शिरकाव, त्याचा प्रतिकार आणि त्या दोहोंमधील तोल यांचाच अभ्यास करण्यांत आयुष्य घातलें त्यास आपल्या छातींत काय चाललें आहे हें कोणीं समजावून सांगावयास नको होतें.

दुखणें अंगावर काढून त्यानें जो शेवटचा प्रयोग केला तोहि प्रतिकाराविषयींच होता. युरोपांतल्या लोरोग्लॉसम ह्या ऑर्किडचे कंद जमिनींत असतात. मुळांत बुरशी भरलेली असते, पण कंदांत ती शिरत नाहीं. कां? त्यानें कंदाचा तुकडा आगरच्या लगद्यावर ठेवला आणि थोड्या अंतरावर बुरशी पेरली. बुरशी पसरत पसरत कंदाच्या दिशेस आली आणि त्याला न शिवतांच थबकली. कंदांतून कांहीं द्रव्य पाझरून लगद्यांत उतरत होतें आणि तें बुरशीस अडवीत होतें. हें द्रव्य कोणतें हें शोधून काढण्यास त्याच्यापाशीं वेळ उरला नव्हता. १९५० च्या दशकांत स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनीं ऑर्किडच्या कंदांतून असें एक द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें आणि त्याला ऑर्किनॉल असें नांव दिलें.

२६ जानेवारी १९११ रोजीं पॉइतिएजवळ बर्नार्डचें देहावसान झालें. त्याचें सदतिसावें वर्षहि अद्याप पुरें झालें नव्हतें. पाठीमागें पत्नी आणि अगदीं लहान मुलगा होता. हा मुलगा पुढें स्वतः प्राणिशास्त्रज्ञ झाला. कंदांवरील प्रयोगाची हकीकत त्याच वर्षीं, तिच्या लेखकाच्या मृत्यूनंतर, छापून निघाली. वनस्पतींच्या उत्क्रांतीवरील त्याचें लेखन ग्रंथरूपानें बाहेर आलें तें १९१६ सालीं, महायुद्ध ऐन भरांत असतांना. त्याला प्रस्तावना लिहिली ती त्याचे वृद्ध होत चाललेले गुरु कोस्तांतँ यांनीं.